समुद्रातला तापीचा हत्ती

मी एक जुना पडदा आहे. खरं सांगायचं तर पडद्याचा तुकडा. सहा हात लांब, चार हात रुंद. माझ्यावर अर्धं नाटकगृह आहे, थोडा समुद्र आहे आणि त्या समुद्रात एक दगडी हत्ती आहे. बाकीचा मी कुठे गेलो, ते मला ठाऊक नाही. म्हणून मित्रांनो, माझी गोष्टही तुकड्यांतच ऐकावी लागेल.

डावी कड

बऱ्हाणपुरात लीलाधर नावाचा फोटोवाला होता. त्याने मांजरपाटाचे पट्टे शिवून मला घडवलं आणि एका चिताऱ्याकडून माझ्यावर मुंबई काढून घेतली. सर्कशीचा तंबू, राणीची बाग, बँड वाजवणारे शिपाई, नाटकगृह आणि शेवटी समुद्र. दोन लाकडी रुळांवर मला गुंडाळलेलं असे. रूळ फिरवला की मुंबई सरकायची. मग गिऱ्हाइकाने आवडेल त्या ठिकाणी उभं राहायचं.

चिताऱ्याने मुंबई पाहिली नव्हती. तिथे एक दगडी हत्ती आहे, एवढंच त्याने ऐकलं होतं. त्याला दगडी हत्ती माहीत होता तो एकच, राजघाटासमोर तापीच्या पात्रातला. तोच त्याने समुद्रात बसवून दिला.

मधला भाग

सन १८९७. निंबोल्याचा कडू आणि त्याची बायको भागाबाई मुंबई बघायला निघाली. गावाने कुंकू लावलं, हातात नारळ दिला, वेशीपर्यंत पोचवलं. दोघं बऱ्हाणपूर स्टेशनात आली, तर मुंबईच्या गाडीतून ट्रंका आणि गठुडी घेऊन माणसंच माणसं उतरत होती.

"कुठी चालला भाऊ?" एकाने विचारलं.

"मुंबईले."

"आम्ही तिथून जीव घेऊन पळालो. गाठीच्या तापानं, त्या पलेगानं घरंच्या घरं रिकामी झाली. माघारी फिर."

पण माघारी कसं फिरणार? सकाळी वाजतगाजत निघालेली माणसं संध्याकाळी परत आली, तर गाव जन्मभर हसलं असतं. फिरत फिरत दोघं लीलाधरच्या दुकानाशी आली. कडूने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"मग मुंबईच तुमच्याकडे आणतो," लीलाधर म्हणाला, आणि दिवसभर रूळ फिरवत राहिला.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. भागाबाई तोंड करून उभी राहिली. वाघाच्या पिंजऱ्यापाशी तिने पदर आवरला. बँडपाशी ती थांबली आणि कान देऊन ऐकत राहिली. नाटकगृहाचे खांब पाहताच तिने वहाणा काढल्या.

"बाई, हे देऊळ नाही. इथं नाटकं होतात," लीलाधर म्हणाला.

"असू द्या जी. एवढे खांब आहेत, आत कोणी ना कोणी देव असलंच."

तशीच अनवाणी, हत्तीशेजारी, कडूसोबत तिचा फोटो निघाला. मग दोघं काही दिवस धर्मशाळेत राहिली आणि गावात जाऊन म्हणाली, "मुंबई पाहिली."

(इथे मी फाटलेलो आहे. मधली काही वर्षं त्यात गेली.)

उलटी बाजू

लीलाधर थकला, दुकान मोडलं. मला कापून गाडीवानांना विकायला काढलं, कपाशीच्या गाड्यांवर झाकायला. कडू कापूस घेऊन आला होता. त्याने हत्ती पाहिला. हा हत्ती दुसऱ्या कोणाच्या गाडीवर बसून निंबोल्यात शिरला असता तर? त्याने मला विकत घेतलं आणि रंग आत दुमडून घरी नेलं.

"जाळून टाका," भागाबाई म्हणाली.

"अवं, मुंबई जाळतेस?"

तिच्याने जाळवलं नाही. ओसरीवर मला उलटं अंथरलं. तेव्हापासून माझं तोंड सारवलेल्या जमिनीला. माझ्या पाठीवर सरकी वाळली, पोरं जेवली. कडू गेला तेव्हा माणसं माझ्यावरच बसली होती. त्यानंतर घरात कोणी नसलं की भागाबाई माझा कोपरा उचलून क्षणभर बघायची आणि पुन्हा दाबून ठेवायची.

सुलट बाजू

मुलाचं, निंबाचं लग्न झालं. सून मालती मुंबईत वाढलेली, बाप गिरणीत होता. चौथ्या दिवशी बायका तिला बघायला आल्या. शेजारीण सरुबाईने भिंतीवरचा फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"पोरी, तू खरी मुंबईची. सांग बरं, हा आपल्या राजघाटाचा हत्ती नाही का? सोळा वर्षं हिचं मुंबईपुराण ऐकून आमचे कान किटले!"

भागाबाईच्या हातातलं साखरेचं ताट जागच्या जागी थांबलं.

मालतीने फोटो पाहिला. मग तिला पायाशी माझा दुमडलेला कोपरा दिसला. त्यातून रंगवलेली सोंड बाहेर आली होती. तिने सासूकडे पाहिलं. जराशी सरकली आणि सोंडेवर मांडी घालून बसली.

"सरुमावशी, मुंबईत दगडी हत्ती आहे. मी त्याला हात लावलाय. राणीच्या बागेत."

"पण हा तर पाण्यात आहे!"

"पूर्वी तो समुद्रातल्या बेटावर होता. साहेबांनी तिथून आणला."

"व माय!" सरुबाई म्हणाली. "साहेब हत्तीलेही एका जागी बसू देत नाही!"

बायका हसत निघून गेल्या. मालती खोटं एक अक्षर बोलली नव्हती. भागाबाईने दार लोटलं आणि इतकी वर्षं जे केलं नाही ते केलं. मला उलटवलं.

उजेड! भरदुपारचा, डोळे दिपवणारा उजेड.

"पाहिली नाही व मी," ती म्हणाली. "तू दाखव."

मालती माझ्यावर बोट ठेवत गेली. इथून ट्राम येते. इथे तिकीट. इथून आत. भागाबाई माझ्यावरून चालत नाटकगृहापाशी आली आणि अडखळली.

"आत्याबाई, इथं वहाणा चालतात."

भागाबाई दाराशी गेली, वहाणा घातल्या आणि करकर वाजवत खांबांमधून आत शिरली.

माझा बराच रंग त्या दिवशी उडाला. मित्रांनो, त्याचं मला दुःख नाही. तुमच्या घरातही कुठे तरी एखादं जुनं कापड उलटं अंथरलेलं असेल. ते फेकू नका, झटका, जपा. आणि घरात जाणतं माणूस असेल तोवर एकदा त्याच्यासमोर ते सुलट करून बघा.