मागच्या खोलीचं दार

किल्लीला बांधलेला गुलाबी दोरा वहिनीच्या लांब नखात अडकला होता आणि ती तो सोडवत नव्हती, ओढत होती – सगळंच तसं ओढायची ती, दोरा, भाऊ, भावाचं घर, आणि गेला महिनाभर चूई फोंगला. चूई फोंग कामाला होती ती बँकेची शाखा बंद झाली, काउंटरवरची एकोणीस वर्षं एका खोक्यात मावली, मग घरं विकायचा दोन दिवसांचा वर्ग झाला, आणि तेव्हापासून वहिनीचं एकच पालुपद : माझ्या टीममध्ये ये. इपोह शहरातली घरविक्रीची सगळ्यांत मोठी कंपनी, काचेचं ऑफिस… घरं विकायला लागणारं गळ्यातलं लाल ओळखपत्र एका वेळी एकाच कंपनीचं मिळतं. कुठल्या कंपनीत जाणार, ते आज पाचपर्यंत कळवायचं होतं.

"आ फोंग, चेहरा जरा सैल सोड," वहिनी म्हणाली. "बाई घर बघायला येतेय, प्रेत बघायला नाही."

आणि स्वतःच जीभ चावली. कारण याच घरात, मागच्या खोलीत, एक म्हातारा शिंपी मरून चार दिवस तसाच पडून होता. हे वहिनीनेच मोटारीत सांगितलं होतं, चिवड्याची पुडी फोडता फोडता. "सांगायचं नाही, कळलं? मुलाने ऑस्ट्रेलियाला नेऊन ठेवलंय म्हणायचं बापाला."

सकाळीच तर चूई फोंगने क्वान यिन देवीसमोर उदबत्ती लावून म्हटलं होतं, खोटं बोलणार नाही. रोजच म्हणते. आज अमावास्येनंतरचा पहिला दिवस, व्रताचा, त्यामुळे पोटात नुसती भाताची पेज. पोट हलकं असलं की राग जड होतो, हे कुठल्या व्रतात लिहिलेलं नाही… ती हळू बोलते म्हणून लोकांना वाटतं आतही हळूच आहे सगळं. वहिनीने आईची शिवणाची खोली भाड्याने दिली तेव्हाही ती हळूच म्हणाली होती, बरं.

मिसेस कोक आल्या. मुलाच्या लग्नासाठी घर बघत होत्या. निवृत्त शिक्षिका, चपलासुद्धा ओळीत काढणाऱ्या. वहिनीने पुढच्या बंद दारावर तीनदा टकटक केलं, कुलूप काढलं आणि उंबऱ्याच्या बाजूला सरून क्षणभर थांबली. रिकाम्या घरात शिरताना इकडे सगळेच असं करतात. आत कोणी असेल-नसेल, येतो म्हणून सांगावं, वाट द्यावी. मिसेस कोकनीही मान लववली. चूई फोंग बघत राहिली – मेलेल्याची परवानगी घेतेस, वहिनी, आणि हिच्या तोंडावर धडधडीत…

"म्हातारे मुलाकडे सिडनीला असतात," वहिनी गोड आवाजात सांगत होती. "इतकं हवेशीर घर सोडवत नव्हतं हो त्यांना."

बैठक. स्वयंपाकघर. न्हाणीघर. मग मागची खोली, दार लोटलेलं. "आ फोंग, उघड गं."

चूई फोंगने हात उचलला आणि त्या आतल्या दारावर हलकेच वाजवलं. तीनदा.

रिकाम्या घराच्या आतल्या दारावर कोणी वाजवत नाही. आत कोण आहे हे ठाऊक असलं तरच वाजवतात.

मिसेस कोक तिच्या हाताकडे बघत होत्या, मग तिच्या चेहऱ्याकडे. त्यांनी चपला घातल्या, या वेळी ओळ मोडून, आणि गेल्या.

"देवभक्त म्हणे!" वहिनी फाटकात किंचाळली. "तुझ्या त्या देवीला सांग तुला नोकरी द्यायला! की त्या मद्राशाकडे जातेस? जा, मर तिथे पंख्याखाली!"

त्या मद्राशाकडे – सेल्वनाथन सरांकडे – ती चालतच गेली. जुन्या गावात कॉफीच्या दुकानावर त्यांचं घरविक्रीचं ऑफिस, दोन खोल्या, तीन पंखे, त्यातला एक फिरणारा. मागच्या आठवड्यात ते म्हणाले होते, हसत नाहीस तू, चांगलं आहे, दात दाखवणारे माझ्याकडे टिकत नाहीत. आज तिने सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले, मग एकदम थांबले.

"बस, अम्मा. एक सांग. मुद्दाम वाजवलंस?"

ती खुर्चीच्या कडेला बसली.

"खरं लपवणारी मला नको. पण दुसऱ्याचा सौदा मुद्दाम मोडणारी त्याहून नको. आज वहिनीचा, उद्या माझा. बोल."

हात उचलला तेव्हा म्हातारा मनात नव्हता, व्रत नव्हतं, मिसेस कोकच्या मुलाचा संसारही नव्हता. वहिनीची मान होती फक्त, पावडर लावलेली, आणि ती मान वळून चेहरा पांढरा पडताना बघायचा होता… आणि बघितला. किती गोड लागलं ते.

"चुकून, सर," चूई फोंग हळू आवाजात म्हणाली. "सवयीने हात गेला."

त्यांनी मान डोलावली. अर्ज पुढे सरकवला. विश्वास बसला होता त्यांचा, लगेच, पूर्ण. हळू बोलणाऱ्या बाईवर कोण अविश्वास दाखवतो?

ती थांबली, आत काहीतरी कोसळेल म्हणून. घसा सुकेल, कान तापतील. काही झालं नाही. शब्द नुसता बाहेर आला होता, नितळ, काउंटरवरून सरकवलेल्या पावतीसारखा, आणि समोरच्याने तो उचलला होता. एकोणीस वर्षं, रोजची उदबत्ती, आणि मला हे येत होतं… वहिनीपेक्षाही चांगलं येत होतं.

घड्याळात पाचाला वीस मिनिटं कमी होती. इथे की तिथे, हे सकाळपासून केवढं मोठं वाटत होतं. आता दोन्ही ठिकाणं तिला सारखीच सोपी दिसू लागली, आणि त्या सोपेपणाची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.