एकदाच विचारतात

वसंताला ब्राझीलच्या एका साखर कारखान्यात केमिस्टची नोकरी लागली, तेव्हा अख्ख्या राजारामपुरीनं माझ्याकडे पेढे मागितले. बाई, आता तुमचं कसं, असं एकानंही विचारलं नाही. मुलींच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. ब्राझीलचा नकाशा डोळे मिटून काढीन. पण एकुलता एक मुलगा आणि सून तिथं जाणार म्हटल्यावर त्या नकाशाचा मला काय उपयोग?

केरबाला मीच बोलावलं. हा चंदगडचा माणूस, गोव्याहून सुटणाऱ्या पोर्तुगीज बोटींवर स्वयंपाकी होता आणि ब्राझीलला कितीदा तरी जाऊन आलेला. दर रविवारी येऊन तो वसंत आणि प्रमोदिनीला समोर बसवायचा.

"पाणी उकळून प्यायचं. डिसेंबरात तिकडं उन्हाळा असतोय, लोकरीचं कापड नेऊ नगा. गडी भेटला की मिठी मारतोय, घाबरायचं न्हाय. आन् ध्यानात ठेवा, जेवायला एकदाच इचारत्यात. लाजून नको म्हटलं की ताट मागं!"

हा शेवटचा धडा घरी गिरवायचा, असं मीच ठरवलं. मास्तरणीची खोड, दुसरं काय. आमच्याकडे पहिल्या 'नको'ला कोण किंमत देतं? दुसऱ्यांदा आग्रह झाल्याशिवाय हात पुढं करायचा नाही, हेच वसंताला मी लहानपणापासून शिकवलेलं. आता मी "भात वाढू?" विचारायचे, तो सवयीनं "नको" म्हणायचा, आणि मी पातेलं उचलून सरळ आत न्यायचे. पोरगा अर्धपोटी उठला, पण शिकला. प्रमोदिनी तर हसून लोटपोट व्हायची. मीही हसायचे. त्या दिवसांत माझं हसणं तेवढंच.

मग एकदा सकाळी वसंत बोटीची तिकिटं काढायला मुंबईला निघाला. चपला घालता घालता थांबला.

"आई, तूही चल आमच्याबरोबर. तुझंही तिकीट काढतो."

मला जायचं होतं. हे गेल्यापासून एकटीनं सगळं ओढून मी पार थकले होते, आणि म्हातारपण एकटीनं काढायचं बळ माझ्यात नव्हतं.

"नको रे बाबा," मी म्हणाले, "या वयात मला कुठं नेतोस?"

त्याचा चेहरा पडला. त्यानं दुसरी चप्पल पायात सरकवली. "बरं," म्हणाला, आणि गेला.

तिकिटं दोनच आली. ट्रंका भरताना, चटणी बांधताना, अगदी स्टेशनवर गाडी हलेपर्यंत मी वाट बघत होते, आता पुन्हा विचारेल. आपण होऊन कसं म्हणायचं?

ती दोघं गेल्यावर पुढच्या रविवारी केरबा खुशाली विचारायला आला. "जेवता का?" म्हटलं तर म्हणाला, "नको बाई, आत्ताच जेवलोय." मी ऐकलं नाही, ताट वाढलं. मुकाट्यानं जेवायला बसला.

"तुमी का न्हाय गेलासा?" त्यानं विचारलं.

"वसंत चल म्हणाला होता. मी नको म्हटलं."

"मग?"

"मग काय? त्यानं परत विचारलं नाही."

केरबाचा घास हातातच राहिला.

"अवो बाई," तो म्हणाला, "ते तिकडचं हुतं. हितलं न्हवं."