यंत्राची अदलाबदल

दीपाच्या बेसमेंटमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधली झाडून सगळी मराठी मंडळी जमली होती आणि त्यातले निम्मे तरी इंजिनिअर होते. कोणी गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा, तर कोणी कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. प्रत्येकाने डाव्या हातात प्लास्टिक चढवलेलं एक कार्ड छातीशी धरलं होतं आणि उजव्या हातातला फोन त्यासमोर निरांजनासारखा मागेपुढे चालला होता. कार्डावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता आणि भोवती लाल रंगात ॐ. फोन चौकोनावर स्थिरावला की ‘टिंग’ वाजायचं, पडद्यावर श्रीरंगजींचा हसरा फोटो उघडायचा आणि फोन धरणारा समाधानाने म्हणायचा, “आलं.”

भिंतीवर प्रोजेक्टरने फेसबुकचं पान लावलं होतं. ‘सुबिंदू वास्तु केंद्र’. पानाच्या फॅन्सना श्रीरंगजी ‘विश्वपरिवार’ म्हणत.

श्रीरंगजींना जटा नव्हत्या की भगवी कफनी नव्हती. रेशमी कुर्ता, वर जाकीट आणि कानात ब्लूटूथ. आवाज मात्र मधात बुडवलेला.

“हे कार्ड नाही, सुबिंदू यंत्र आहे,” ते म्हणाले. “तुम्ही त्यात पाहता तेव्हा मी तुम्हाला पाहतो. तुमचं वायफाय आज आलं. आपल्या ऋषींचं कनेक्शन कधी ड्रॉप झालं नाही.”

लोक हसले आणि हसता हसता विश्वासूनही बसले. मग चमत्काराची वेळ झाली. श्रीरंगजींनी डोळे मिटून लॅपटॉपवर हात ठेवला. लॅपटॉप उघडाच होता, पण डोळे मिटण्याआधी ते काय पाहत होते, हे कोण बघतो?

“दीपाताई, गुरुवारी संध्याकाळी माझी फार आठवण काढलीत. काहीतरी बिनसलं होतं.”

दीपाच्या अंगावर काटा आला. गुरुवारी तिच्या मुलीला ताप होता.

“शरयूआजी, तुम्ही रोज पहाटे. एक दिवस चुकत नाही.”

त्या मंडळींतल्याच प्रल्हादची आई, शरयूकाकू, भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी नुसते हात जोडले, पण चेहरा असा उजळला की शेजारी उभ्या असलेल्या हिमानीला क्षणभर आपल्या शंकेचीच लाज वाटली.

हिमानी नागपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवायची. नवरा यतीन याच्या मागे इथे आली, तर तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. शिकवणं सुटलं, पण ‘कशावरून?’ विचारायची खोड काही सुटली नव्हती.

यतीनने मात्र पहिल्याच भेटीत प्रश्न विचारला होता, आणि तिथेच तो अडकला. “श्रीरंगजी, आमच्याकडे पार्टच्या खोक्यांवर असलेच चौकोन असतात. जपानी सप्लायरकडून येतात.”

“असणारच,” श्रीरंगजी शांतपणे म्हणाले होते. “आपलं मंडल त्यांनी नेलं आणि खोक्यांवर छापलं. आपण मात्र विसरलो.”

यतीन घरी आला तो भारावूनच. “बघ हिमानी, जपान्यांनीसुद्धा घेतलं.” दिवसभर ज्या चौकोनांचं सॉफ्टवेअर लिहायचं, त्यांपैकीच एक ॐच्या कोंदणात बसवल्यावर त्याला देवासारखा दिसायला लागला होता.

तोवर हे सगळं गमतीचंच होतं. पण दोन हजार आठचा तो सप्टेंबर डेट्रॉइटच्या आसपास कोणालाच बरा गेला नाही. गाड्या खपत नव्हत्या आणि कंपन्यांमधून रोज कोणी ना कोणी नोकरी जाऊन आपल्या सामानाचं खोकं उचलून बाहेर पडत होतं. यतीनच्या ऑफिसात दुसरी यादी येणार अशी कुजबुज होती. यादीत नाव आलं की नोकरी जाणार, तिच्यामागे व्हिसा आणि व्हिसामागे घर. नशिबाने पश्चिम किनाऱ्याकडच्या बेलव्ह्यूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्याला बोलावलं होतं. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. तो सोमवार आता आठ दिवसांवर आला होता.

आणि नेमकं त्याच रविवारी श्रीरंगजी त्याला म्हणाले, “यतीन, मंगळवारी दुपारी तुमचं मन हललं होतं. पुन्हा पुन्हा मला हाक मारत होतात.”

यतीनचा चेहराच पडला. मंगळवारी दुपारीच ऑफिसात यादीची बातमी फुटली होती. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून तो एकामागून एक ‘दर्शनं’ घेत राहिला होता. हे त्याने हिमानीलाही सांगितलं नव्हतं.

“ट्रॉय सोडू नका,” श्रीरंगजी म्हणाले. बेलव्ह्यूचं यतीनने त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. “पश्चिम दिशा तुम्हाला वर्ज्य आहे. तुमचं नाव यादीत येत नाही, माझी ग्वाही.”

घरी येताना गाडीत यतीन म्हणाला, “बेलव्ह्यूला नाही कळवतो.”

“त्यांनी सांगितलं म्हणून?”

“त्यांना मंगळवारचं कसं कळलं मग? तू सांग ना. मी कुणाला बोललो नव्हतो यार.”

हिमानी त्याच्याकडे वळली. त्याच्या प्रश्नात खोट नव्हती. उलट तोच नेमका प्रश्न होता, फक्त यतीन तो विचारून थांबला होता. ती म्हणाली, “ठीक आहे. पुढच्या रविवारपर्यंत काहीच कळवू नकोस. एवढं माझ्यासाठी.”

रात्री भांडी विसळताना तिच्या मनात एक गोष्ट खटकत राहिली. मागच्या आठवड्यात तिने मुद्दाम यंत्रासमोर रोज उदबत्ती लावली होती, श्रीरंगजींचं नाव घेतलं होतं, फक्त फोन समोर धरला नव्हता. आज ते तिला म्हणाले, “हिमानी, तुम्ही मला विसरलात.” म्हणजे उदबत्ती पोहोचत नाही आणि फोन पोहोचतो. देवाला डेटा प्लॅन कशाला लागतो?

दुसऱ्या दिवशी ती शरयूकाकूंकडे गेली. प्रल्हाद कामावर गेलेला होता. घर मोठं, आवाज फक्त फ्रीजचा. काकूंनी चहा टाकला. मुलाने दिलेला त्याचा जुना फोन त्यांनी यंत्राशेजारी रुमालावर ठेवला होता.

“काकू, आठवडाभर तुमचं यंत्र मला द्याल? माझं तुम्ही घ्या. दर्शन तुम्ही नेहमीसारखंच घ्यायचं.”

काकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “परीक्षा घेतेस होय गं त्यांची?”

“हो,” हिमानी म्हणाली. काकूंशी खोटं बोलणं तिला जमलं नसतं.

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठून आपलं कार्ड तिच्या हातात देत म्हणाल्या, “ने. यंत्र कोणतंही असू दे. मला ते ओळखतात.”

हिमानीने काकूंचं कार्ड घरी आणून कपाटात पालथं टाकलं आणि आठवडाभर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. काकू मात्र रोज पहाटे आंघोळ करून, शाल पांघरून, हिमानीच्या कार्डासमोर फोन धरत होत्या.

रविवारी पुन्हा तीच गर्दी जमली. श्रीरंगजींनी डोळे मिटले. दोन-चार जणांना त्यांच्या त्यांच्या आठवणी पोहोचवल्या आणि मग ते प्रसन्नपणे हिमानीकडे वळले.

“वा हिमानी. शेवटी आलात. रोज पहाटे, एक दिवस खंड नाही. हा भक्तिभाव मी ओळखला.”

मग श्रीरंगजी काकूंकडे वळले आणि त्यांच्या आवाजात दुःख उतरलं.

“शरयूआजी, तुम्ही मात्र या आठवड्यात मला विसरलात.”

बेसमेंटमध्ये सगळे काकूंकडे बघायला लागले. काकूंचे हात जोडलेलेच होते. हळू आवाजात त्या म्हणाल्या, “मी रोज पहाटे केलं हो. एक दिवस चुकवला नाही.”

“आजी, यंत्र खोटं बोलत नाही.”

“यंत्र खोटं बोलत नाहीच,” हिमानी पुढे आली. “आम्ही कार्डं बदलली होती. पहाटे उठल्या त्या काकू, माझ्या कार्डासमोर. त्यांचं कार्ड माझ्या कपाटात पालथं पडलं होतं.”

श्रीरंगजी क्षणभर अडखळले, पण बोलण्याचा धंदा करणाऱ्याला शब्द लवकर सापडतात. “यंत्रांची अदलाबदल केलीत तर ऊर्जेचे प्रवाह उलटतात. म्हणूनच मी सांगतो...”

“उलटले नाहीत. ते कार्डाबरोबर गेले,” हिमानी म्हणाली. “तुम्ही माणूस ओळखत नाही. कार्ड ओळखता.”

मागे उभा असलेला यतीन हे ऐकत होता. ‘कार्ड ओळखता’ या शब्दांनी त्याच्या डोक्यात काहीतरी खटकन जागेवर बसलं. तो पुढे आला आणि हिमानीने बरोबर आणलेलं काकूंचं कार्ड त्याने मागून घेतलं. श्रीरंगजींनी सगळ्यांच्या फोनमध्ये जो प्रोग्राम घालून दिला होता तो त्याने वापरला नाही. ऑफिसच्या कामासाठी त्याच्याकडे दुसरा होता, पान न उघडता चौकोनात काय लिहिलंय एवढंच दाखवणारा. त्याने कार्ड वाचलं आणि फोन सगळ्यांसमोर धरला.

पडद्यावर इंटरनेटचा एक लांबलचक पत्ता होता आणि शेपटाला चक्क काकूंचं नाव.

“आता माझं बघा,” म्हणत त्याने स्वतःचं कार्ड वाचलं. पत्ता तोच, शेपूट ‘यतीन’.

“हा मंत्र नाही. पत्ता आहे,” यतीन म्हणाला. त्याने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली. “सगळे पत्ते शेवटी त्याच फोटोवर आणि त्याच फेसबुक पानावर जातात. पण जाता जाता यांच्या वेबसाइटवर नोंद होते, कोणतं कार्ड आणि किती वाजता. तीच नोंद त्या लॅपटॉपवर दिसते. आमच्याकडे खोकं कुठे पोहोचलं ते असंच कळतं.” मग तो म्हणाला, “मी रोज हेच काम करतो. आणि तरी मंगळवारी पार्किंगमध्ये बसून माझीच बातमी मी यांना पाठवत होतो.”

कोणीतरी हसलं. मग आणखी दोघे. पण ते हसणं स्वतःवरचंच होतं, कारण खोलीत सॉफ्टवेअर न कळणारा माणूस शोधावा लागला असता.

श्रीरंगजींनी लॅपटॉप मिटला. मधाळपणा गेला आणि एक साधा, थकलेला माणूस उरला. “हे बघा, मी आधी दुकानांच्या जाहिराती करायचो,” ते म्हणाले. “कोणत्या कूपनवर किती गिऱ्हाइकं आली ते मोजायचं काम. पान चालावं एवढंच हवं होतं. तुम्हीच हात जोडलेत.”

“ते खरं आहे,” हिमानी म्हणाली. “हात आम्हीच जोडले. पण ‘ट्रॉय सोडू नका’ हे सांगायला आम्ही तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

श्रीरंगजींनी लॅपटॉप बगलेत मारला. प्रोजेक्टर आवरून ते निघाले, तेव्हा दीपाने सवयीने चहाला विचारलं आणि मग स्वतःच ओशाळली.

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. हिमानी शेजारी जाऊन बसली. “काकू, तुम्हाला दुखवायचं नव्हतं मला.”

“फसले याचं काही नाही गं,” काकू म्हणाल्या. “पण रोज पहाटे उठते, ते कोणाला तरी कळतंय असं वाटायचं. विसरलात म्हणाले ना, तेवढं लागलं.”

प्रल्हाद मागेच कोट घेऊन उभा होता. त्याने ते ऐकलं. आईच्या खांद्यावर कोट घातला आणि तिचा हात धरून वर नेलं. त्या आठवड्यापासून तो अर्धा तास लवकर उठायला लागला. सकाळचा चहा दोघं बरोबर घेतात असं काकूंनीच नंतर हिमानीला फोनवर सांगितलं, बेलव्ह्यूला. सोमवारी सकाळी यतीनने तिकडे ‘येतो’ म्हणून कळवलं होतं. दुसरी यादी दिवाळीच्या आधी आली आणि आधीच तयार झालेल्या त्या यादीत त्याचं नाव होतं, पण तोवर तो तिथे नव्हता.

तर मंडळी, तुमच्या घरातली गोष्ट कुणी परक्याने तुम्हाला सांगितली, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, ‘याला हे कळलं कसं?’ शिकलेले असाल तर दोनदा विचारा, कारण आपल्याला सगळं कळतं या भरवशावरच शिकलेला माणूस फसतो. उत्तर मिळेपर्यंत नोकरी, औषध, लेकराबाळांचं भविष्य, कशाचाही निर्णय त्याच्या हाती देऊ नका. प्रश्न विचारल्याने खरा देव रागावत नाही, आणि खोटा फार वेळ बसत नाही.