घरबसल्या मेणबत्त्या

ही गोष्ट २००९ सालची. त्या वर्षी आत्याबाईंचा पाय मोडला आणि डॉक्टरांनी त्यांना दोन महिने खाटेवर बसवलं. मेणबत्त्यांचा कारखाना तीस वर्षं त्यांच्या नजरेखाली चाललेला. धाकटा भाऊ अर्धा भागीदार. तो म्हणाला, आता पुरे, विकून टाकू. कारखाना गेला तर खाटेवरून उठायचं तरी कशासाठी, याचाच आत्याबाईंना घोर. शेवटी ठरलं, की दोन महिन्यांत एकही दिवस बुडाला नाही, तर विकायचं नाव काढायचं नाही.

भावाचीच मुलगी आत्याच्या बाजूने उभी राहिली. तिने कारखान्यात कॅमेरा बसवला, साच्यांकडे मेण नेणाऱ्या नळीवरचे चारही हीटर इंटरनेटला जोडले आणि खाटेवर लॅपटॉप आणून ठेवला. आत्याबाई उशीला टेकून कारखाना चालवू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर एकदम अंधार. आगच लागली, असं धरून आत्याबाईंनी चारही हीटर बंद केले. कारखाना सांभाळणाऱ्या मिस्त्रींना फोन लावला, तर तो खुंटीवरच्या शर्टात वाजत राहिला. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला, की नळीत मेण गोठलंय. अंधाराचं विचारल्यावर मिस्त्री चाचरले. बाई पथ्यावर, त्यांच्यासमोर डबा उघडून चापायचा कसा, म्हणून त्यांनी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला होता.

"अहो, मला इथे वास येणार होता का?"

"वास नाही बाई, पण दिसलं तर असतं ना."

भाची चारही हीटर एकदम लावायला निघाली. आत्याबाईंनी तिचा हात धरला.

"थांब गं. मेण वितळलं की फुगतं. वाट मिळाली नाही, तर नळी फुटेल. आधी तोंडाकडचा लाव."

मिस्त्री नळीच्या तोंडाशी बादली घेऊन बसले. मेण गळू लागलं की ते फोनवर सांगत आणि आत्याबाई त्यामागचा हीटर लावत. पाचला धार लागली, सहाला साचे भरले. दारात उभा भाऊ पुटपुटला, "अर्धा दिवस तर बुडालाच, ताई."

"ठरलं होतं अख्ख्या दिवसाचं," आत्याबाई म्हणाल्या.

भावाने पुन्हा विकायचं नाव काढलं नाही. उलट लॅपटॉपचा नाद त्यालाच लागला आणि नको ती बटणं दाबून त्याने मिस्त्रींची बोलणी खाल्ली. मिस्त्री सत्तरीपर्यंत कामावर होते, मग लेकीकडे राहायला गेले. भाची एका काच कारखान्याच्या भट्ट्या दुरून सांभाळते. आत्याबाई डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा महिनाभर आधीच चालू लागल्या. गेल्या त्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, आदल्याच दिवशी साचे भरून.