टॅमसिन पेन्गेलीची साक्ष

टॅमसिन पेन्गेलीला जाऊन पाच महिने झाले होते, आणि तरी दर शनिवारी ती वर्तमानपत्रातून सांगत होती की मी ठणठणीत आहे.

तिच्या नवऱ्याला, जोसायाला, हे कळलं ते एका अनोळखी बाईमुळे. बायको गेल्यापासून त्यानं वर्तमानपत्र हातात धरलं नव्हतं. खाणीतली पाळी संपली की घरी यायचं, चुलीवर बटाटे टाकायचे, अर्धे खायचे नि आडवं व्हायचं, एवढंच चाललं होतं. सोमवारी सकाळी दार वाजलं. बाहेर पन्नाशीची बाई उभी होती. हातात छत्री, घोट्यापर्यंत चिखल. कांगारू फ्लॅट या गावाहून अंधारातच निघून चालत आली होती.

"मी केझाया हॉस्किन. पेन्गेलीबाई आहेत का घरात?"

"नाहीत."

"बाजारात गेल्या असतील तर थांबते मी. मला घाई नाही."

"बाई, ती वारली. मार्चमध्ये."

"वारली? कशानं?"

"क्षयानं."

हा सकाळीच ढोसून बसलाय की काय, अशा नजरेनं बाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून एक कात्रण काढलं. "हे परवाच्या शनिवारचं आहे," ती म्हणाली.

जोसायानं उजेडात धरून वाचलं. 'मी, टॅमसिन पेन्गेली, राहणार ईगलहॉक, दोन वर्षं छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. डॉक्टर लॅम्बोर्न यांच्या बाल्समच्या चार बाटल्या घेतल्या. आता मी कपडे धुते, चॅपेलपर्यंत चालत जाते, रात्री खोकला येत नाही. हे मी देवाला स्मरून सांगते.' खाली लॅम्बोर्नचं नाव होतं, मेलबर्नचे छातीचे खास तज्ज्ञ म्हणून, आणि बाटलीचं चित्र.

शब्द न् शब्द त्याच्या ओळखीचा होता. ते पत्र त्यानंच लिहिलं होतं.

"हे आता खरं नाही," तो म्हणाला.

"मग छापतात कसं?"

"ते मलाही विचारायचंय."

बाई उंबऱ्यावरच टेकली. "माझी लिडी एकोणीस वर्षांची आहे. शाळेत शिकवायची. आता तिला जिना चढवत नाही. सहा बाटल्या संपल्या या औषधाच्या. येत्या बुधवारी डॉक्टर स्वतः इथल्या हॉटेलात येतोय. म्हटलं त्याच्याकडे जायच्या आधी हे लिहिणारी बाई एकदा डोळ्यांनी बघून यावं. हिंडते-फिरते का, एवढंच."

"तिचं थडगं दाखवतो, चला."

"थडगं बघून मी काय करू, भाऊ?" ती उठली. "नवऱ्यांचं असंच असतं. बायको गेली की औषधावर राग, डॉक्टरवर राग. कदाचित तुम्ही वेळेवर दिलं नसेल." तिनं कात्रण त्याच्या हातातून घेतलं, नीट घडी घातली आणि पिशवीत परत ठेवलं. ती घडी घालणं जोसायाला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

ते पत्र लिहिलं गेलं तेव्हाचं सगळं त्याला आठवत होतं. समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलहून खाणकामाला आलेल्या त्यांच्या लोकांत चॅपेलचं, म्हणजे प्रार्थनाघराचं, प्रीतिभोजन व्हायचं. केशर घातलेले गोड पाव आणि पाणी फिरवलं जायचं, आणि एकेक जण उभा राहून देवानं आपलं काय भलं केलं याची साक्ष द्यायचा. साक्ष चालू असताना कोणी मध्ये बोलायचं नाही. आणि भलं होऊनही जो गप्प बसला, तो देवाचा चोर. जोसाया या गोष्टीवर वाढला होता. म्हणून चौथ्या बाटलीला टॅमसिनचा खोकला थांबला, ती रात्रभर झोपू लागली, आणि लॅम्बोर्नचा माणूस दारात येऊन म्हणाला की आपला अनुभव चार लोकांना सांगा, तेव्हा त्याला त्यात वावगं काही वाटलंच नाही.

टॅमसिन म्हणाली होती, "अजून महिनाभर जाऊ दे. मला झोप येते, पण अंगात ताकद नाही आलेली."

"उपकार घेताना महिना थांबलीस का?" तो म्हणाला होता.

तिनं सही केली. तीन आठवड्यांनी रक्त पडलं. इस्पितळातल्या डॉक्टरनं बाटली हुंगली नि सांगितलं, यात अफू आहे, खोकला दाबते, रोग आत तसाच पोखरत राहतो.

सोमवारची पाळी बुडवून जोसाया वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. व्यवस्थापक टलेट चांगल्या कपड्यातला, हसतमुख गृहस्थ होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"फार वाईट झालं. पण मजकूर जाहिरातदाराचा असतो, पेन्गेली. आम्ही फक्त छापतो. शिवाय छपाईसाठी त्याचा शिशाचा ठोकळा ओतून झालाय, वर्षभराचा करार आहे."

"माणूस मेलाय."

"पत्राखाली तारीख आहे, बघा. त्या तारखेला त्यांना बरं वाटत होतं की नव्हतं?"

"वाटत होतं," जोसाया म्हणाला.

"मग खोटं कुठे आहे?"

"ती गेल्याची बातमी तुमच्याच पेपरात आली होती. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी. त्याच अंकात ही जाहिरात होती का?"

टलेटनं गठ्ठा उघडून पाहिलं, कारण तो तसा सभ्य माणूस होता. पहिल्या पानावर मृत्यूंच्या यादीत टॅमसिन होती, वय चौतीस. चौथ्या पानावर ती कपडे धूत होती.

"असं होतं कधी कधी," टलेट म्हणाला. "दोन्ही पानं वेगवेगळी माणसं लावतात."

बुधवारी जोसायानं रविवारचा काळा कोट घातला आणि हॉटेलात गेला. मागच्या दिवाणखान्यात भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा माणसं बसली होती, आणि जवळजवळ सगळ्यांच्या हातात तेच कात्रण होतं. बहुतेक चेहरे कुठल्या ना कुठल्या चॅपेलमधले. कोपऱ्यात झॅकी ट्रेगिअर होता, चाळीस वर्षं खाणीची धूळ खाल्लेला म्हातारा. केझाया हॉस्किन दारापाशी होती. तिनं त्याला पाहिलं नि मान फिरवली. आतल्या खोलीच्या दाराशी लॅम्बोर्नचा तोच माणूस टोपी घालून उभा होता. टॅमसिनची सही त्यानंच घेतली होती. त्याला जोसायाची ओळखसुद्धा पटली नाही.

"नंबर घ्या, महाराज," तो म्हणाला. "काय त्रास होतो?"

जोसाया खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. टोपी काढून छातीशी धरली.

"भावांनो, बहिणींनो, मला साक्ष द्यायची आहे."

कात्रणांची सळसळ थांबली. लॅम्बोर्नचा माणूस पुढे आला. "अहो, हे चॅपेल नाही. बाहेर व्हा."

झॅकी म्हातारा बसल्या जागेवरून, धापा टाकत म्हणाला, "साक्ष चालू आहे, पोरा. डोक्यावरची टोपी काढ."

"कसली साक्ष? हा खाजगी—"

"टोपी," म्हातारा म्हणाला. तोवर बाकीच्या पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या, आणि ते सगळे त्या माणसाकडे बघत होते. त्यानं टोपी काढली.

जोसायाला बोलायची सवय नव्हती. "तुमच्या हातात जी बाई आहे ती माझी बायको. ती मार्चमध्ये गेली. याच दुखण्यानं, याच बाटल्या पिऊन. त्यात अफू आहे. खोकला थांबतो, म्हणून आपण खूश होतो." इथे तो अडखळला. पुढचं न सांगता बसता आलं असतं. राग एकट्या लॅम्बोर्नवर ठेवला तर ते सोपंच होतं. "ते पत्र तिनं लिहिलेलं नाही. मी लिहिलं. ती थांब म्हणत होती. मला वाटलं, गप्प बसणं पाप आहे. तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवून इथे आलात. तर तो विश्वास तुम्ही माझ्यावर ठेवला होता, आणि मी तुम्हाला फसवलं. एवढंच."

दार उघडून स्वतः डॉक्टर लॅम्बोर्न बाहेर आला होता. पांढरी दाढी, आवाज अगदी मवाळ. "दुःखानं माणसाची बुद्धी फिरते, मंडळी. या गृहस्थांनी इलाज अर्धवट सोडला असणार. पुढचं कोण?"

पाच जण उठून निघून गेले. पाच बसून राहिले. केझाया हॉस्किन उठली ती डॉक्टरच्या खोलीकडे गेली, आणि दार लागलं.

जोसाया बाहेर ओसरीच्या पायरीवर बसला. त्याच्या मनात आलं, झालं, एक गेलीच.

पाव तासानं बाई बाहेर आली. तोंड पांढरं पडलं होतं.

"मी म्हटलं, पोरीला सोबत आणली नाही, तिला चालवत नाही. तो म्हणाला, गरज नाही. बारा बाटल्या निम्म्यात देतो, आणि एक कागद पुढे केला. लिडिया हॉस्किन, कांगारू फ्लॅट, पूर्ण बरी. तारखेची जागा तेवढी मोकळी. म्हणाला, आई म्हणून तुम्ही सही करा, तारीख आम्ही घालू." ती शेजारी टेकली. "त्यानं माझ्या पोरीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, भाऊ."

"सही केलीत?"

"फाडला मी तो."

मग ती म्हणाली, "आता मी तिला काय देऊ?"

"मला माहीत नाही," जोसाया म्हणाला.

पुढच्या रविवारी केझायाच्या चॅपेलनं त्याला बोलावलं. त्याच्या पुढच्या रविवारी झॅकीच्या पुतण्याच्या चॅपेलनं. शनिवारी टॅमसिन छापून यायची, रविवारी जोसाया उभा राहून ती गेल्याचं सांगायचा, आणि ते पत्र आपण लिहिल्याचंही. दर वेळी ते सांगणं त्याला जड जायचं, पण एकदाही त्यानं ते गाळलं नाही.

आठव्या शनिवारी टॅमसिनचं नाव गेलं. बाटलीचं चित्र तेच, मजकूर तोच, कपडे धुणं आणि चॅपेलला चालत जाणंसुद्धा तेच. नाव तेवढं कॅसलमेनच्या कुणा मेरियन डॉब्सनचं होतं.

जोसायानं ते दोनदा वाचलं. मग पहिल्या पानावरची मृत्यूंची यादी वाचली. त्यात मेरियन डॉब्सन नव्हती. त्यानं काळा कोट खुंटीवरून काढला, आणि कॅसलमेनची गाडी किती वाजता सुटते ते विचारायला स्टेशनाकडे निघाला.