लिंडेनग्रुंडची सत्त्याऐंशी माणसं

क्रेब्स वकिलांच्या पुस्तकावरून पहिल्यापासून भांडण होतं, आणि मैत्री सोनकांबळेने ते काम घेतलं तेव्हा तिला ते चांगलं ठाऊक होतं. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये जन्मभर जमिनीचे दावे चालवलेला हा माणूस म्हातारपणी इतिहासाच्या मागे लागला. युद्ध संपल्यावर, पंचेचाळीस सालापासून, पूर्व युरोपातल्या लाखो जर्मनांना राहत्या घरांतून हाकलून दिलं, वाटेत माणसं मेली आणि त्यांचं नाव कुणी काढत नाही, हे त्यांचं म्हणणं. पहिल्या आवृत्तीवर प्राध्यापक मंडळी तुटून पडली. आकडे फुगवलेत, आणि त्याच मुलखात आधी जर्मनांनी काय केलं त्याला अख्ख्या पुस्तकात दोन ओळी, असं त्यांनी लिहिलं. आता दुसरी आवृत्ती निघायची होती, आणि एकेक तळटीप मूळ कागदाशी ताडून बघायला क्रेब्सना चिकट माणूस हवा होता. इतिहासात पीएच.डी. करणारी मैत्री भलतीच चिकट होती.

त्या दोन ओळी तिलाही खटकत होत्या. प्राध्यापकांचं यात काही चुकलंय असं तिला वाटत नव्हतं, आणि तसं तिने क्रेब्सना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, ‘मी वकील आहे. समोरच्या बाजूचं मांडायला तिचे वकील आहेत.’ आठवडाभर हुज्जत घालून तिने दोन ओळींची दोन पानं करून घेतली. एवढ्याने काय होतं, असं तिचं तिलाच वाटलं. पण मेलेली माणसं खरी होती, आणि त्यांच्यात लहान पोरं होती, म्हणून तिने काम सोडलं नाही.

त्यातलंच एक पोर ट्रूडे. तिची मोठी बहीण हेडविग आता साठीची होती आणि शिकागोजवळ शॉमबर्गला मुलाकडे राहायची. पुस्तकातली तिची जबानी ताडून बघायला मैत्रीने फोन केला, तेव्हा बाई तासभर बोलल्या. लिंडेनग्रुंड गावातून निघताना हेडविग अकरा वर्षांची होती आणि ट्रूडे सहा. तिसऱ्या दिवशी एका गोठ्यात ट्रूडे तापाने गेली आणि तिला रस्त्याच्या कडेला पुरलं. शेवटी बाई म्हणाल्या, ‘तिचं नाव कुठल्या दगडावर नाही. तुमच्या पुस्तकात तेवढं नीट असू दे.’ मैत्रीने शब्द दिला.

फेब्रुवारीत ती शेवटच्या तक्त्याशी आली. गावाचं नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा, अशी चाळीस पानं. लिंडेनग्रुंडपुढे सत्त्याऐंशी होते, चर्चच्या यादीवरून घेतलेले. नऊ पानं पुढे लिपनिचका नावाचं चेक गाव, तिथेही सत्त्याऐंशीच, हा आकडा चेक कचेरीच्या कागदावरून आलेला. मैत्रीने दोन्ही मूळ याद्या काढून शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींत ट्रूडे रोटर होती, वय सहा. मग ती विद्यापीठाच्या नकाशांच्या खोलीत गेली आणि जुना नकाशा नव्यावर ठेवला. दोन्ही नावं एकाच ठिपक्यावर बसली. गावाला जर्मनांनी एक नाव ठेवलं होतं, चेकांनी दुसरं, आणि क्रेब्सनी एकाच गावाची माणसं दोनदा मारली होती.

हे क्रेब्सना सांगायला हवं होतं, पण तिला आठवली ती परभणी जिल्ह्यातली एक कचेरी. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत तिच्या गावची दलित वस्ती जाळली, तेव्हा तिचे वडील शंकरराव, प्राथमिक शाळेत मास्तर, यांनी जळालेल्या घरांची यादी केली. एकतीस घरं. त्यातलं एक घर बापाच्या नावाने आणि मुलाच्या नावाने असं दोनदा आलं होतं. भरपाईसाठी यादी कचेरीत नेली तेव्हा साहेबाने ते बरोबर हेरलं, यादी टेबलावरून परत सरकवली आणि सगळ्या कचेरीसमोर म्हणाला, मास्तर, जळालेली घरं पण वाढवून सांगता? चौदा वर्षांची मैत्री वडिलांच्या शेजारी उभी होती. वडिलांचा उतरलेला चेहरा तिने तेव्हापासून जपून ठेवला होता.

आणि याच जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. फोनवर वडील लहान मुलासारखे रडले होते. अशा दिवसांत एका म्हाताऱ्या माणसापुढे त्याची यादी सरकवायची आणि त्याचा चेहरा उतरताना बघायचा, हे तिच्याने होईना.

तिने नवऱ्याला, प्रितमला, सांगितलं. तो म्हणाला, ‘यार, यात डिस्कस काय करायचं? उद्या जा आणि सांगून टाक. एक एंट्री डिलीट करतील, खलास.’

त्याला काय कळतंय, असं मैत्रीला वाटलं. लाखांच्या बेरजेत सत्त्याऐंशीने काय फरक पडणार, असंही तिने स्वतःला समजावलं. दोन्ही कागद खरे होते, आकडे जसेच्या तसे उतरवले होते आणि तळटिपा चोख होत्या. तिने दोन्ही ओळींपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि मूग गिळून बसली. क्रेब्सनी प्रस्तावनेत लिहिलं, या पुस्तकातला प्रत्येक आकडा मैत्री सोनकांबळे यांनी तपासला आहे.

पुस्तक आलं. पुढच्या वसंतात एका इतिहासाच्या नियतकालिकात परीक्षण छापून आलं. परीक्षण करणाऱ्याने दुसरं काहीच धरलं नव्हतं, फक्त ते दोन सत्त्याऐंशी. जो लेखक एकच गाव दोनदा मारतो, त्याच्या बाकीच्या गावांवर विश्वास का ठेवावा, असं त्याने विचारलं होतं. वर्तमानपत्रांनी तेवढंच वाक्य उचललं. नवी दोन पानं कुणी वाचली नाहीत, आणि जबान्याही कुणी वाचल्या नाहीत. प्रकाशकाने दुकानांतून प्रती परत मागवल्या. क्रेब्सनी मैत्रीला फोन करून सांगितलं की चूक त्यांची आहे, तिने मनाला लावून घेऊ नये, तिचं नाव कुठे येऊ नये म्हणून त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिलंय. तिने थँक यू म्हटलं. त्या थँक यूची तिला आयुष्यभर लाज वाटणार होती.

मग शॉमबर्गहून फोन आला. हेडविगबाईंच्या मुलाने त्यांना पेपर वाचून दाखवला होता.

‘माझा मुलगा म्हणतो, लिंडेनग्रुंडचं सगळं रचलेलं आहे असं सिद्ध झालंय,’ त्या म्हणाल्या. ‘पुस्तकात लिहिलंय की आकडे तू तपासलेस. ट्रूडे मेली की नाही, तेवढं त्याला सांग. माझं तो ऐकत नाही.’

मैत्रीने त्यांच्या मुलाला फोनवर बोलावून सांगितलं. तो सभ्यपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, की ज्या बाईने तेच गाव दोनदा बरोबर ठरवलं, तिचं ऐकून काय करायचं.

रविवारी वडिलांना फोन करायचा तिचा नेम होता. त्या रविवारी तिने सगळं सांगितलं, लिंडेनग्रुंडपासून पेन्सिलीच्या खुणांपर्यंत, आणि शेवटी म्हणाली, ‘बाबा, मला तुमची ती कचेरी आठवली. तुमचा चेहरा आठवला. म्हणून नाही सांगितलं मी त्यांना.’

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

‘चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस,’ शंकरराव म्हणाले. ‘साहेबाकडे जायच्या आदल्या दिवशी ती यादी मी आपल्या कोंडिबा तलाठ्याला दाखवली होती. घर दोनदा आलंय हे त्याला दिसलं होतं. मास्तरला वाईट वाटेल म्हणून गप्प बसला, असं त्याने नंतर मला सांगितलं. चांगला माणूस होता, माझ्यावर जीव होता त्याचा.’

‘मग?’

‘मग काय. एक ओळ खोडायला मला किती वेळ लागला असता, बाई? तीस घरं राहिली असती की कागदावर, त्यांना भरपाई मिळाली असती. त्याला मी सगळ्यांसमोर माफ केलं. पण त्या तीस घरांतली माणसं दारासमोरून जायची ना, तेव्हा त्यांच्याकडे बघवायचं नाही.’

ते मग तिथल्या उन्हाबद्दल बोलले, आईच्या गुडघ्याबद्दल बोलले. मैत्री हो हो म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने शॉमबर्गचा नंबर काढून समोर ठेवला. मला आधीच दिसलं होतं, एवढंच बाईंना सांगायचं होतं. तीन आकडे फिरवून तिने फोन खाली ठेवला, आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.