जोडीचं पान

खळकाकांना आयुष्यात कुणी कधी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं ते एका चोराशेजारी बसायला.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जुनी पुस्तकं शिवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. बोटांना कायम खळीचा वास, म्हणून सगळे त्यांना खळकाका म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वास गेला नव्हता, निदान बायकोचं तसं म्हणणं होतं.

निरोप घेऊन तरुण ग्रंथपाल स्वतः घरी आले. "काका, आपल्या सभागृहात दोनशे खुर्च्या आहेत," ते म्हणाले. "मागच्या व्याख्यानाला अकरा माणसं होती, त्यातली तीन पंख्याखाली बसायला आलेली. आणि याच्यासाठी आत्ताच साडेतीनशे जणांनी नावं दिलीत."

'याच्यासाठी' म्हणजे वर्तमानपत्रं ज्याला रेशमी चोर म्हणत त्याच्यासाठी. कडक इस्त्रीचा कोट घालून, हातात स्वतःचे पांढरे मोजे चढवून हा गृहस्थ चार वर्षं संशोधक म्हणून वाचनकक्षात येत होता. तोंडात रेशमाचा दोरा धरून यायचा. ओला झालेला दोरा जुन्या पुस्तकात नकाशाच्या मुळाशी ठेवायचा, पुस्तक मिटायचा आणि अर्धा तास दुसरंच काही वाचत बसायचा. तेवढ्यात तिथला कागद मऊ पडे आणि नकाशा आवाज न करता हातात येई. असे सोळा नकाशे गेले. मग दूरच्या शहरात कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या चौकटीत ग्रंथालयाचा शिक्का दिसला आणि चोरी बाहेर आली. आता शिक्षा भोगून झाली होती, दोऱ्याची युक्ती स्वतःच सांगणारं आठवणींचं पुस्तक निघालं होतं आणि गावोगाव त्याच्या मुलाखती होत होत्या.

"तुम्ही फक्त दाखवायचं," ग्रंथपाल म्हणाले, "की पुस्तक कसं शिवतात आणि यांनी ते कसं फसवलं. शेवटी दोघांनाही पुष्पगुच्छ."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "चौतीस वर्षं इमानानं काम केलं, तेव्हा कुणी फुलाची पाकळी दिली नाही. तुम्हीही चार नकाशे लांबवायचे होते. आज स्वतःची मोटार असती."

"अगं, मला साधं खोटं बोलताना घाम फुटतो."

"म्हणून तर बसने हिंडतोय आपण."

दुसऱ्या दिवशी सून ऑफिसमधून एक साप्ताहिक घेऊन आली. "बाबा, यात तुम्ही आहात. म्हणजे नाव नाही, पण तुम्हीच," असं म्हणत तिने उभ्याउभ्याच मुलाखतीतला तुकडा वाचून दाखवला. 'त्या ग्रंथालयात एक बाइंडर होते. मी त्यांना कधी भेटलो नाही, पण त्यांचा हात मी ओळखतो. ते नसते तर मी पहिल्याच वर्षी पकडला गेलो असतो. त्यांना माझा नमस्कार.'

"काय माणूस आहे ना," सून म्हणाली. "चोर असला म्हणून काय झालं. कुणाला सुरा दाखवला नाही, कुणाच्या घरात शिरला नाही. कलाच म्हणायची."

खळकाकांना बरं वाटलं. खोटं कशाला, चांगलंच बरं वाटलं. त्यांनी ते साप्ताहिक उशाशी ठेवलं आणि सकाळी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. मात्र या खेपेला तिसऱ्या वाक्याशी ते अडखळले. मी नसतो तर हा पकडला गेला असता, म्हणजे काय? आपल्याला लोकांच्या बोलण्यातली खोच उशिरा कळते हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ते वाक्य बाजूला ठेवलं आणि कार्यक्रमासाठी नमुना करायला बसले.

चार मोठे कागद त्यांनी मधोमध दुमडले, एकात एक घातले, घडीवर टाके घातले. आठ पानांची छोटी वही झाली. मग चोराने करावं तसं दुसऱ्या पानाच्या मुळाशी ओला दोरा ठेवला, वर पाट ठेवला आणि चहा पिऊन आले. पान अलगद सुटलं. त्याचा काठ त्यांनी उजेडात धरला. कात्रीचा नाही, फाडल्याचा नाही, पिसासारखा मऊ. वा, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

आणि वही उचलली तसं मागच्या बाजूचं सातवं पान घसरून त्यांच्या मांडीवर पडलं.

त्यांनी ते उचलून दुसऱ्या पानाशेजारी धरलं. शिवलेल्या पुस्तकातली पानं जोडीजोडीने असतात. एकाच कागदाचं पुढचं अर्धं इथे, मागचं अर्धं तिथे. एक काढलं की त्याची जोडी टाक्यातून सैल पडते. हे त्यांना शिकाऊ होते तेव्हापासून ठाऊक होतं. आणि त्या चार वर्षांत सैल पान असलेली जाडजाड पुस्तकं वाचनकक्षातून त्यांच्याकडे येत होती. त्यांनी काय केलं होतं? पातळ कागदाची पट्टी लावून ते सैल पान इतकं बेमालूम बसवलं होतं, की कुणाला संशय येऊ नये. काम करायचं तर पुरतं करावं म्हणून पुस्तकांच्या पाठीही नव्याने चिकटवल्या होत्या. चोराने दार उघडायचं आणि यांनी मागून कडी लावायची, असं चार वर्षं चाललं होतं.

पुढचं आठवलं तेव्हा ते उठून खिडकीपाशी गेले. चोरी उघडकीला आल्यावर चौकशी समितीने त्यांना फाडलेल्या पुस्तकांबद्दल विचारलं होतं, आणि ते छाती काढून म्हणाले होते, "माझ्याकडे फाडलेलं पुस्तक एकही आलं नाही. आलं असतं तर मला कळलं असतं." त्यावरून समितीने ठरवलं, की पुस्तकं वाचनकक्षात बिघडलीच नाहीत, ती बाहेर गेली, घरी निवांत उसवली गेली आणि परत आली. मग बाहेर कुणी जाऊ दिली? वाचनकक्षात बसणाऱ्या चूपबाईंनी. बाईंना घरी पाठवण्यात आलं. नोकरी गेली ती गेलीच, वर लोक म्हणू लागले की त्या गोऱ्यागोमट्या संशोधकाकडे बघत बसल्या असतील.

चूपबाई आता बाजारातल्या एका अरुंद दुकानात झेरॉक्स काढायच्या. ओठांवर बोट ठेवून चूप म्हणायची सवय तेवढी राहिली होती. खळकाका गेले तेव्हा त्या मशीनलाच चूप म्हणत होत्या.

"खळकाका, तुम्ही? काय काढायचंय, आधारकार्ड की दाखला?"

"काढायचं काही नाही. बाई, तुम्ही सैल पानाचं पुस्तक माझ्याकडे पाठवायचात, तेव्हा आत चिठ्ठी असायची ना?"

बाईंचा हात झाकणावर थांबला. "असायची. मी समितीला तेच सांगितलं. म्हणाले, दाखवा एक तरी. कुठून दाखवू? तुम्ही म्हणालात आठवत नाही."

"म्हणालो खरा."

"आता मलाही खात्री नाही," बाई म्हणाल्या. "आठ वर्षं झाली, काका. रस्ता ओलांडताना तीन-तीनदा बघते आणि तरी वाटतं, काहीतरी नजरेतून सुटलं. त्याचं पुस्तक आल्यावर तर, चार वर्षं माणूस समोर बसून नकाशे काढत होता आणि मी काय करत होते, हा प्रश्न सकाळी चहाबरोबर येतो."

खळकाका घुटमळले. त्यांच्या मनात एक गोष्ट आली होती, पण ती खरी निघाली नाही तर बाईंना दुसऱ्यांदा तोंडघशी पाडल्यासारखं होईल. त्यांच्या खोलीत कागदाचा कपटा वाया जात नसे. पुस्तकाच्या पाठीला आतून अस्तर लागे, आणि त्यासाठी हाताशी येईल तो कागद ते वापरत. जुनी परिपत्रकं, तिकिटांच्या मागच्या बाजू. चिठ्ठ्याही. बहुधा.

"कार्यक्रमाला येणार का?" त्यांनी विचारलं.

"टाळ्या वाजवायला? मला दुकान आहे."

तिथून ते ग्रंथपालांकडे गेले आणि एका पुस्तकाची पाठ उघडू द्या म्हणाले. ग्रंथपालांनी सगळं ऐकून घेतलं, मग आवाज खाली आणला. "काका, समिती बंद झाली, अहवाल बंद झाला. आता कशाला उकरायचं? आणि यात तुमचीच शोभा होईल. लोक तुमचा मान करायला येतायत. पुस्तकं प्रदर्शनात मांडायची आहेत, तोवर हात लावू नका."

यातलं एक वाक्य मात्र खळकाकांना चिकटून बसलं. तुमचीच शोभा होईल. घरी येऊन दोन दिवस ते नमुन्याच्या वहीची सुटलेली दोन पानं पुन्हापुन्हा जुळवून बघत बसले. बायकोने कपाळाला हात लावून ताप पाहिला. सुनेने त्यांच्यासाठी नवा सदरा आणला होता. तो घालताना त्यांनी खिशात आपली बोथट सुरी आणि एक ब्रश टाकला.

सभागृह खच्चून भरलं होतं. रेशमी चोर पिकल्या केसांचा, गोड बोलणारा माणूस निघाला. त्याने वाकून खळकाकांना नमस्कार केला, तेव्हा पहिल्या टाळ्या पडल्या.

"मी कुणाला दुखावलं नाही," तो श्रोत्यांना म्हणाला. "शस्त्र नाही, आरडाओरडा नाही. कागदालासुद्धा दुखू दिलं नाही." लोक हसले. पहिल्या रांगेत सून हसत होती. खळकाकांच्याही ओठांवर हसू आलं आणि त्याची त्यांना लाज वाटली.

त्यांची पाळी आली. प्रदर्शनातलं एक जाडजूड पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं होतं. त्यांनी ते पालथं केलं, पाठीचं कातडं सुरीने एका बाजूने सोडवलं आणि आतल्या कागदावर ब्रशने पाणी लावलं.

"काका," ग्रंथपाल कुजबुजले, "हे काय करताय?"

"खळ भिजायला थोडा वेळ लागतो," खळकाका ध्वनिक्षेपकात म्हणाले, आणि आपलाच आवाज एवढा मोठा ऐकून दचकले. सभागृह वाट बघत होतं. गप्प बसणं आता शक्य नव्हतं.

"यांचा हात चांगला आहे," ते म्हणाले. "मी परवा स्वतः करून पाहिलं. काठ बघून मला वा म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हटलंही. पण एक पान काढलं की दुसरं सैल पडतं. ती सैल पानं मी बसवली. कुणाला कळू नये अशी बसवली. का पडली ते विचारलं नाही, कारण कुणी माझ्या कामाला नाव ठेवू नये एवढंच मला बघायचं होतं. समितीपुढे म्हणालो, फाडलेलं पुस्तक आलंच नाही. आणि जिने सैल पानं बघितली होती तिची नोकरी गेली. यांची शिक्षा चार वर्षांची होती, ती संपली. तिची चालू आहे. मला वाटतं, पण मला खात्री नाही, की याच्या आत..."

बोटाने त्यांनी भिजलेला कागद उचलला. पहिला थर जुन्या परिपत्रकाचा निघाला. मागे कुणीतरी खोकलं. खळकाकांच्या कानशिलावरून घाम उतरला. दुसरा थर कोराच होता. तिसरा अगदी टाक्यांना चिकटलेला. सुरीचं टोक घालून त्यांनी तो सुटा केला, ओल्या तळव्यावर घेतला आणि उजेडाकडे धरला. शाई पसरली होती, पण अक्षर ठाम होतं.

त्यांनी वाचलं: "पान एकशे बारा सैल झाले आहे. आपोआप झालेले वाटत नाही. कृपया जोडीचे पान पाहावे." खाली सही आणि तारीख होती. चोरी उघडकीला येण्याच्या तीन वर्षं आधीची.

दोनचार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि चुकलं असं वाटून थांबवल्या. रेशमी चोर पुढे वाकून चिठ्ठी बघत होता. त्याचा चेहरा प्रथमच पुरता साधा दिसला.

"म्हणजे बाईंनी मला पकडलं होतं," तो हळूच म्हणाला.

"हो," खळकाका म्हणाले. "मी सोडलं."

पुष्पगुच्छ टेबलावरच राहिला. ग्रंथपालांनी आभार फार लवकर उरकले.  घरी जाताना बसमध्ये सून म्हणाली, "बाबा, त्या बाईंचं दुकान किती वाजता उघडतं?"

सकाळी खळकाका एकटेच गेले. चिठ्ठी रात्रभर दोन टीपकागदांत वाळवली होती. बाईंनी ती चष्मा वर करून डोळ्यांशी धरली. मशीन चालूच होतं. एका गिऱ्हाईकाने "ताई, माझे कागद" म्हटलं, तर त्यांनी न बघता ओठांवर बोट ठेवलं.

"अक्षर माझंच आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "म्हणजे मी बघत होते."

"बघत होतात. मी..."

"तुमच्यावर मला रागवायचंय, काका. नीट, सावकाश. पण आज नको, आज गर्दी आहे."

"केव्हा येऊ?"

"मी सांगेन." त्यांनी चिठ्ठी काचेवर पालथी ठेवली, कोपरे बोटाने सरळ केले. "समितीत किती जण होते? पाच. पाच काढते. एक ग्रंथालयाच्या फलकासाठी. एक माझी."

उजेडाची पट्टी चिठ्ठीखालून सरकत गेली. पहिली प्रत बाहेर आली तशी बाईंनी ती हातावर घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि बाजूला टाकली.

"शेवटची ओळ फिकी आली," त्या म्हणाल्या, आणि शाईचा आकडा वाढवून पुन्हा बटण दाबलं.